पाल्यावर पिकवलेली गच्ची

सोसायटीच्या वार्षिक सभेत मी गच्चीवर भाजी लावायची परवानगी मागितली, तेव्हा नाही असं कुणीच म्हणालं नाही. तळमजल्यावरच्या काकांनी मात्र एक अट घातली: गच्चीवर मातीची पोती चढवायची नाहीत. काका सरकारी बांधकाम खात्यातून अभियंता म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी तिथल्या तिथे कागद घेऊन हिशेब मांडला. ज्या गच्चीवर माणसांची ये-जा असते ती साधारणपणे चौरस मीटरला १५० किलो वरचा भार धरून बांधलेली असते. ओली माती घनफुटाला ४५ ते ५० किलो भरते. फूटभर खोलीचा वाफा केला तर चौरस मीटरला ५०० किलोच्या आसपास वजन जातं, आणि आमची इमारत तीस वर्षांची. "भाजी लाव गं, पण मातीवर नको," एवढं म्हणून त्यांनी सही केली.

त्या अटीमुळे मी पाल्याकडे वळले. आता कुणी विचारलं की गच्चीवर बाग करायची तर सुरुवात कुठून करू, तर माझं उत्तर ठरलेलं असतं. रोपवाटिकेत नंतर जा, बियाणं नंतर आणा, आधी पाला गोळा करा. पाला कुजून जे तयार होतं त्याचं वजन मातीच्या निम्म्याहून कमी असतं, ते पाणी धरून ठेवतं, उन्हाळ्यात कुंडीत त्याचं ढेकूळ होत नाही आणि मुळं त्यात मोकळी पसरतात. वर ते फुकट आहे. लाल मातीची पोती विकत आणून कुंड्या भरणारे ओळखीचे लोक दर वर्षी तक्रार करतात की माती दगडासारखी घट्ट झाली. त्या मातीत सेंद्रिय काही नसतंच, मग ती भुसभुशीत राहणार कशी?

ही काही माझी कल्पना नव्हे. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी उसाची चिपाडं, स्वयंपाकघरातला कचरा आणि नावाला माती एवढ्यावर पिशव्यांत आणि ड्रमांत भाज्या-फळं घेऊन दाखवली होती. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मोठ्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी तिथल्याच ओल्या कचऱ्यावर बाग उभी केली. त्याआधी कोल्हापूरला गणित शिकवणारे श्रीपाद अच्युत दाभोळकर यांनी 'प्रयोग परिवार' उभा केला होता. शेतकऱ्याने स्वतः करून बघायचं, काय घडलं ते इतरांना सांगायचं आणि त्यांचं ऐकायचं, ही त्याची रीत. आमच्या भागातल्या गच्ची-गॅलरीवाल्यांचा जो छोटा गट जमला आहे तो याच रीतीने चालतो, म्हणून या मंडळींची नावं आदराने घेतली.

आम्ही पुण्यात सिंहगड रस्त्याला राहतो. इथे पानगळ पौषापासून फाल्गुनापर्यंत, म्हणजे जानेवारी ते मार्च. रस्ता झाडणाऱ्या ताईंना मी सांगून ठेवलं की पाल्याचे ढीग पेटवू नका, मी घेऊन जाईन. उघड्यावर पाला-कचरा जाळायला राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्येच बंदी घातली, साध्या जाळण्याला ५,००० रुपये दंडही ठरवला, तरी रोज सकाळी कुठे ना कुठे धूर दिसतोच. त्यात त्या ताईंचा दोष नाही. गोळा केलेला पाला न्यायला कुणी येत नाही, मग त्या करणार काय? पोतं घेऊन उभं राहिल्यावर त्यांनीच मला कामाची गोष्ट सांगितली, की भल्या सकाळी या, नंतर गुटख्याच्या पुड्या आणि प्लास्टिक मिसळतं.

कोणता पाला घ्यायचा हे मला हळूहळू कळत गेलं. गुलमोहर, पर्जन्यवृक्ष, चिंच, शेवगा यांची बारीक पानं सगळ्यात लवकर कुजतात. पिंपळ, बदाम, सप्तपर्णी मधल्या वेगाची. आंबा, वड, फणस ही जाड, चिवट पानं. ती चुरून टाकली तर ठीक, नाहीतर सहा महिन्यांनीही जशीच्या तशी हाताला लागतात. निलगिरीचा पाला मी घेत नाही. चुरण्यासाठी सोपी युक्ती आहे: कडक उन्हात पाला दोन दिवस पोत्यातच वाळवायचा आणि पोत्याचं तोंड बांधून त्यावर पाय द्यायचे. आमच्याकडे मुलं हे काम आनंदाने करतात.

कुजवण्यासाठी भंगारवाल्याकडून प्लास्टिकचे जुने ड्रम घेतले, चारी बाजूंनी आणि तळाला भोकं पाडली आणि विटांवर ठेवले. तळाशी वीतभर सुका पाला, त्यावर स्वयंपाकघरातला ओला कचरा, त्यावर परत पाला. ओल्या कचऱ्याच्या दुप्पट-तिप्पट सुका पाला हे प्रमाण घट्ट धरून ठेवायचं. सगळी गोम त्यात आहे. ओल्या कचऱ्यात नत्र जास्त, सुक्या पाल्यात कर्ब जास्त, आणि कुजवणाऱ्या जीवाणूंना दोन्ही लागतात. घाण वास सुटला तर पाला कमी पडलाय असं समजायचं. काहीच घडत नसेल, पाला कोरडाच राहत असेल तर पाणी कमी पडलंय. मूठभर घेऊन आवळून बघावं: तळहात ओला व्हावा, पण पाणी निथळू नये. विरजण म्हणून वाटीभर आंबट ताकात गुळाचा खडा विरघळवून ते शिंपडते. शेण मिळत असेल तर त्याचा पातळ काला उत्तम. शिजलेलं तेलकट अन्न, मांस-मासे, दुधाचे पदार्थ मी टाकत नाही. ते कुजत नाहीत असं नाही, पण उंदीर-घुशी येतात आणि सोसायटीत बोलणी खावी लागतात.

चौथ्या-पाचव्या दिवशी ड्रममध्ये हात घातला की आत चांगलंच ऊन लागतं. ते ऊन जाणवलं की मला बरं वाटतं, काम सुरू झालेलं असतं. पुढे कधीतरी अळ्या दिसतात, आणि इथे बहुतेक जण घाबरून सगळं फेकून देतात. समोरच्या वहिनींनी फोन केला होता, "अहो, ड्रम वळवळतोय सगळा, काय करू?" मी जाऊन पाहिलं. करड्या-तपकिरी रंगाच्या, चपट्या, अंगावर आडव्या कड्या असलेल्या अळ्या होत्या. त्या काळ्या सैनिक माशीच्या. त्या कचरा झपाट्याने खातात, झाडाच्या मुळांना तोंड लावत नाहीत, आणि त्यांची माशी घरात अन्नावर येऊन बसत नाही. त्यांना राहू द्यायचं आणि वरून पाल्याचा जाड थर द्यायचा, बस. ज्या अळीपासून खरोखर सावध राहायचं ती हुमणी. पांढरी, जाडजूड, डोकं तपकिरी, अर्धगोल वाकून पडलेली. ती बहुतेक वेळा नीट न कुजलेल्या शेणखतातून येते आणि कुंडीत गेली तर रोपाची मुळं कुरतडते. शेणखत आणलं की मी ते कागदावर पसरून, चाळून, एक दिवस उन्हात ठेवून मगच वापरते. कावळे आणि साळुंक्या उरलेलं काम करतात.

दोन ते तीन महिन्यांत पाला काळा-तपकिरी होतो, हातात घेतला तर वापरलेल्या चहाच्या चोथ्यासारखा वाटतो, पानाचा आकार ओळखू येत नाही. जे न कुजलेलं राहतं ते चाळून पुढच्या ड्रममध्ये विरजण म्हणून जातं.

कुंड्या म्हणून मी मंडईतले फळांचे जुने क्रेट, रंगाच्या २० लिटरच्या बादल्या आणि वेलांसाठी अर्धे कापलेले मोठे ड्रम वापरते. पालेभाज्यांना सहा-आठ इंच खोली पुरते, मिरची-टोमॅटो-वांग्याला फूटभर हवी, आणि दुधी-दोडक्याला दीड फूट खोल आणि रुंद जागा लागते. छोट्या कुंडीत दुधी लावून तो धरत नाही म्हणणारे खूप भेटतात. तळाशी चार बोटं उसाची चिपाडं घालायची; ती रसवंतीवाले हसत हसत देतात, उलट त्यांचा उचलण्याचा ताप वाचतो. दोन दिवस उन्हात पसरून ठेवली की मुंग्या निघून जातात. त्यावर पाल्याचं खत काठोकाठ. काठोकाठ यासाठी की पाला खाली बसतो, एका हंगामात तिसरा हिस्सा तरी कमी होतो. म्हणून एक ड्रम कायम राखीव ठेवायचा आणि वरून भर घालत राहायची. जड ड्रम गच्चीच्या मधोमध न ठेवता कडेला, खाली भिंत किंवा तुळई असेल तिथे ठेवायचे, आणि सगळं विटांवर, म्हणजे खालची फरशी सुकती राहते. ड्रम कुठे ठेवायचे याच्या खुणा काकांनी स्वतः खडूने करून दिल्या.

पहिलं पीक पालेभाजीचंच घ्यावं. मेथीचे दाणे किराणामालाच्या डब्यातले चालतात. रात्रभर भिजवून, पसरून, वर बोटाच्या पेराएवढा खताचा थर. तीन-चार दिवसांत उगवते आणि महिन्याच्या आत जुडी निघते. धने लाटण्याने हलके दाबून दोन फाकी करायच्या. प्रत्येक फाकीत एक बी असतं. कोथिंबीर उगवायला आठ-दहा दिवस घेते, तेवढा धीर धरावा, वरचेवर उकरून बघू नये. पालक मुळासकट उपटायचा नाही, बाहेरची पानं खुडत राहायची, मग तो दोन-अडीच महिने देत राहतो. आमच्या सासूबाईंना पालेभाजीत चुका आणि चाकवत हवाच असतो, तो थंडीत क्रेटमध्ये छान येतो. बाजारात चाकवताची चांगली जुडी शोधावी लागते हल्ली, घरी मात्र ताटात गरम ताकातला चाकवत असतो. यात जो आनंद आहे तो मला किलोच्या हिशेबात मांडता येणार नाही.

हंगाम पाळणं फार महत्त्वाचं. एप्रिल-मेच्या उन्हात कोथिंबीर लावली तर ती बोटभर असतानाच फुलावर येते. त्या दिवसांत अंबाडी, राजगिरा, चवळई, गवार, भेंडी यांना पसंती द्यावी. आलं आणि हळद अक्षय्य तृतीयेच्या आसपास लावायची, पानं पिवळी पडून वाळली की पौष-माघात काढायची. माझ्याकडे हळदीचे कंद सांगलीच्या मामीने पाठवले, आल्याचं बेणं सातारच्या आत्याकडचं. या दोन्हींना थोडी सावली चालते, तेव्हा वेलाच्या मांडवाखालची जागा त्यांचीच.

आता वेल. मला सगळ्यात जास्त प्रेम या प्रकाराबद्दल आहे, तेव्हा इथे थोडी रेंगाळते.

दोडका, दुधी, काकडी, कारली, पडवळ यांचं बी मी रोहिणी नक्षत्रात, म्हणजे मेच्या शेवटच्या आठवड्यात लावते. मृगाचा पाऊस सुरू होईपर्यंत रोपाला चार-पाच पानं आलेली असतात आणि ते तग धरतं. कारल्याचं आणि दोडक्याचं कवच जाड, म्हणून बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवायचं. मोठ्या ड्रमात दोनच रोपं ठेवायची. बाकीची उपटताना हात थांबतो, हे खरं, पण चार रोपं एकमेकांच्या तोंडचं काढून घेतात आणि कुणालाच धड काही मिळत नाही. मांडव बांबूचा, वर सुतळीची जाळी. नायलॉनची जाळी टिकते, पण हंगाम संपल्यावर वाळलेले ताणे तिच्यातून सोडवत बसावं लागतं. सुतळी वेलासकट कुजायला टाकता येते.

वेल सहा-सात फूट झाला की शेंडा खुडायचा. तो खुडला की बाजूच्या फांद्या फुटतात, आणि मादी फुलं या फांद्यांवर जास्त येतात. सुरुवातीला फुलं येऊन गळतात आणि लोक हवालदिल होतात. ती सगळी नर फुलं असतात. ती आधी येतात हा वेलाचा धर्मच आहे. मादी फूल ओळखायला सोपं: पाकळ्यांच्या मागे इवलंसं फळ असतं, दोडक्याला शिरांसकट बोटाच्या पेराएवढा दोडका, दुधीला लव असलेली हिरवी गोळी. नर फुलाच्या मागे नुसता देठ.

गच्चीवर, वरच्या मजल्यावर, मधमाश्या खाली बागेत येतात तेवढ्या येत नाहीत. आमच्याकडे सातेरी आणि फुलोरी दिसतात, पण पावसाळी हवेत त्याही कमी. मग हाताने परागीकरण करावं लागतं, आणि त्यासाठी कोणतं फूल कधी उमलतं हे ठाऊक हवं. काकडी, कारलं, लाल भोपळा सकाळी. घोसाळंही सकाळी. दोडका मात्र संध्याकाळी पाचनंतर, आणि दुधीचं पांढरं फूल दिवेलागणीला उघडतं, ते रातपतंगांसाठी. ऑफिसातून आल्यावर चहाचा कप घेऊन वर जायचं. दोडक्याच्या पिवळ्या फुलांचे गुच्छ एकेक करून उघडत असतात. ताजं उमललेलं नर फूल देठासकट खुडायचं, पाकळ्या मागे दुमडायच्या, मधल्या पुंकेसरांवरचा पिवळा भुकटा बोटाला लागतो का बघायचं. लागला तर तो मादी फुलाच्या मधोमध असलेल्या कुक्षीवर हलकेच टेकवायचा, सगळ्या बाजूंनी. दाबायचं नाही. एका नर फुलात दोन-तीन मादी फुलं सहज होतात. पाऊस पडत असेल तर फुलावर कागदाची छोटी टोपी घालायची, कारण पराग भिजले की गेले. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते इवलं फळ खाली झुकून लांबायला लागलं की काम झालं. पिवळं पडून सुरकुतलं तर परागीकरण नीट झालं नाही. मुलीला हे दाखवलं तेव्हापासून पावसाळ्यात दोडक्याचं काम तिचं. शाळेत परागीकरणाचा धडा यायच्या आधीच तिने ते हाताने केलेलं होतं.

फळमाशी हा वेलभाज्यांचा मोठा शत्रू. ती कोवळ्या फळाला भोक पाडून आत अंडी घालते, फळ एका बाजूला वाकडं होतं, कापलं तर आत अळ्या. यावर दोन उपाय खात्रीचे. एक, धरलेल्या फळावर तीन-चार दिवसांतच कागदाची किंवा पातळ कापडाची पिशवी बांधणे. गच्चीवर फळं मोजकी असल्यामुळे हे जमतं. दुसरा, क्यू ल्यूरचा, म्हणजे फळमाशीला वासाने ओढून घेणाऱ्या आमिषाचा सापळा. कृषी सेवा केंद्रात मागताना वेलभाज्यांसाठी हवा असं स्पष्ट सांगा, कारण आंब्यावरच्या फळमाशीचा सापळा मिथाइल युजेनॉलचा असतो, तो इथे उपयोगी पडत नाही. किडलेलं फळ कुंडीत पडू द्यायचं नाही. ते बंद पिशवीत घालून कडक उन्हात ठेवायचं, म्हणजे आतल्या अळ्या मरतात, नंतर कुजायला टाकायचं.

पाल्याच्या खतावर पालेभाज्या नुसत्या पाण्यावर जोमात येतात, फळभाज्यांना मात्र जास्तीचं खाणं लागतं. मी सुभाष पाळेकरांच्या पद्धतीचं जीवामृत करते, एकराचं प्रमाण गच्चीला पेलेल इतकं कमी करून: २० लिटर पाण्यात एक किलो देशी गाईचं ताजं शेण, एक लिटर गोमूत्र, २०० ग्रॅम गूळ, २०० ग्रॅम बेसन आणि झाडाखालची मूठभर माती. सावलीत झाकून ठेवायचं, दोन दिवस सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळायचं, दहापट पाणी घालून आठवड्याच्या आत वापरायचं. पंधरा दिवसांतून एकदा मिळालं तरी वेलांचा रंग बदलतो. शेजाऱ्यांना वासाचा त्रास होऊ नये म्हणून ते मी भरदुपारी, गच्चीवर कुणी नसताना घालते. जोडीला लावणीच्या वेळी कुंडीला मूठभर निंबोळी पेंड.

टोमॅटो, वांगी, मिरची यांचं बी ऑगस्टमध्ये ट्रेमध्ये टाकलं की गणपती-नवरात्राच्या सुमाराला रोपं लावणीला येतात, आणि पुण्याच्या थंडीत टोमॅटो लगडतात. रोप लावताना टोमॅटोचं खोड खालच्या पानांपर्यंत खतात गाडायचं, त्या खोडालाही मुळं फुटतात. पान आणि खोड यांच्या बेचक्यातून निघणारी बगलफूट काढत राहायची. टोमॅटोचं बूड काळं पडून चामट होत असेल तर तो रोग नव्हे. पाणी एक दिवस भरपूर आणि दोन दिवस नाही, असं झालं की झाडाला कॅल्शियम उचलता येत नाही. रोज थोडं पाणी आणि वरून पाल्याचं आच्छादन, की नवी फळं नीट येतात. ते आच्छादन दोन-तीन इंचांचं असावं, बारा महिने. मे महिन्यात पाणीकपात सुरू होते तेव्हा आच्छादन केलेल्या कुंड्या एक दिवसाआड पाण्यावर निभावतात. डाळ-तांदळाचं धुवण मी बादलीत साठवते.

मिरचीवर चुरडामुरडा येतो. पानं आक्रसून बोटीसारखी वळतात, फुलकिडे आणि कोळी त्याला कारण. पाच मिलि निंबोळी तेल आणि थोडा साबणाचा फेस लिटरभर पाण्यात घालून, संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूने फवारायचं. अगदी सुरुवातीला पकडलं तर झाड सावरतं. विषाणू शिरला असेल तर मात्र उपटून टाकावं, जीव अडकवू नये. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या की तो केवडा, पांढरी माशी तो पसरवते, तिथेही हाच न्याय. वांग्याचा शेंडा अचानक मान टाकतो तेव्हा आत अळी असते. शेंडा दोन इंच खालून कापून नष्ट केला की पुढची फळं वाचतात. माव्याला मी औषध मारतच नाही. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने बराचसा गळतो आणि उरलेल्यावर ढालकिडे (लेडीबर्ड) येतात, ते मावा खातात. ढालकिड्याची अळी काळी, काटेरी, नारिंगी ठिपक्यांची असते. ती दिसली तर आनंद माना, तिला किडा समजून चिरडू नका. झेंडू, सब्जा आणि कॉसमॉस मधूनमधून लावले की हे सगळे मित्र गच्चीवर मुक्कामाला येतात.

यातलं निम्मंअधिक मला गटातल्या माणसांनी शिकवलं. दर महिन्याच्या एका रविवारी आम्ही कुणाच्या तरी गच्चीवर जमतो. प्रत्येकाने आपलं एक चांगलं आलेलं आणि एक अडलेलं झाड दाखवायचं, एवढाच नियम. धायरीहून येणारे एक आजोबा आयुष्यभर शेती करून आता मुलाकडे राहायला आले आहेत. पहिल्या दिवशी ते गप्प बसून होते. मग कुणाच्या तरी घेवड्याच्या वेलाची पानं उलटी करून पाहत म्हणाले, "पाणी लय देताय ताई. वेल पाल्यावर गेलाय. आठ दिवस थोडा ताण द्या, फुलावर येतोय का न्हाई बघा." आला. आता कुठलाही पेच पडला की सगळे त्यांच्याकडे बघतात, आणि त्यांचा मुलगा मला म्हणाला की बाबा रविवारची वाट बघत असतात. जेवढी भाजी पिकली तेवढंच मोल मी या गोष्टीला देते.

बियाण्याची देवाणघेवाण पितृपक्षानंतर जोरात चालते. त्यासाठी दोन-तीन गोष्टी सांगते. पाकिटावर एफ-वन किंवा संकरित असं लिहिलेलं असेल तर त्याचं बी धरू नये, पुढची पिढी तशी येत नाही. गावठी वाणाचं धरावं. निरोगी वेलावरचं, आधीच्या बहरातलं एक चांगलं फळ दोरा बांधून राखून ठेवायचं, म्हणजे घरात कुणी चुकून तोडत नाही. दोडका वेलावरच वाळू द्यायचा, हलवला की आत बिया खुळखुळतात, टोकाचं झाकण उघडलं की त्या आपोआप बाहेर पडतात. दुधी कवच टणक होईपर्यंत ठेवायचा. टोमॅटोच्या बिया गरासकट वाटीत दोन-तीन दिवस आंबवायच्या, बुळबुळीत आवरण सुटलं की धुवून सावलीत वाळवायच्या. बी कडकडीत वाळलं की कागदी पुडीत, पुडीवर वाणाचं नाव, कुणाकडून आलं आणि कोणत्या महिन्यात धरलं ते. पुडी राखेत किंवा कडुनिंबाच्या वाळलेल्या पाल्यात ठेवली की कीड लागत नाही.

आणि दुधीचं बी कुणाला देण्याआधी त्याच वेलावरच्या कोवळ्या दुधीची एक चकती कच्ची जिभेवर ठेवून बघावी. किंचित जरी कडू लागली तर थुंकून टाकावी, तो दुधी शिजवू नये, त्याचा रस तर अजिबात घेऊ नये, त्याने विषबाधा होते. त्या वेलाचं बी धरायचं नाही आणि वाटायचंही नाही. आमच्या गटात दुधीच्या पुडीवर 'चाखून पाहिला' असं लिहिलेलं नसेल तर ती पुडी कुणी घेत नाही.